परतीची फेरी : गोफ, कोलाट आणि इंग्लिश कंट्री डान्समधील तारका-आकृती यांच्या अध्यापनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

समूहनृत्यांच्या अभ्यासात गीते, वाद्ये, वेशभूषा आणि सणवार यांची नोंद विपुल आढळते. नर्तकांच्या पावलांनी जमिनीवर उमटणारी आकृती आणि ती आकृती एका पिढीने दुसऱ्या पिढीला कशी शिकविली, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. गोफ नृत्याचे उदाहरण घेतले तर ही उणीव चटकन ध्यानात येते. गोफ विणला जातो आणि नंतर उलगडला जातो, एवढे बहुतेक वर्णनांत सांगितलेले असते. उलगडण्यासाठी मागे वळल्यावर पहिले पाऊल आतून टाकायचे की बाहेरून, हे सांगितलेले नसते. वस्तुतः नृत्य शिकविणाऱ्याची खरी अडचण तेथेच असते.

प्रस्तुत निबंधात या अडचणीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. तुलनेसाठी इंग्लंडमधील कंट्री डान्स आणि त्याची अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात रुजलेली कॉन्ट्रा ही शाखा यांतील ‘तारका’ ही आकृती घेतली आहे. चार नर्तक मध्यभागी हात जोडून चांदणीसारखे फिरतात, म्हणून तिला हे नाव मिळाले. गोव्यातील मांड आणि इंग्लंडमधील नृत्यगृह यांची तुलना प्रथमदर्शनी दूरची वाटेल. परंतु गेल्या वाटेने अचूक परत येणे, हा पेच दोन्हीकडे एकच आहे; तो सोडविण्याच्या रीती मात्र भिन्न आहेत. तारकेत झालेली चूक मागे काही खूण ठेवीत नाही, म्हणून तेथे ग्रंथ आणि पुकारणारा शिक्षक यांची गरज भासली. गोफात चूक दोरीत अडकून राहते, म्हणून तेथे दोरीच परीक्षकाचे काम करीत आली.

दख्खनमधील ग्रंथपरंपरा आणि उदगीरचा परिसर

उदगीर हे मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषाप्रदेशांच्या सांध्यावरचे गाव आहे. निजामी राजवटीत हा तालुका बीदर जिल्ह्यात मोडत होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो मराठवाड्यासह मुंबई राज्यात आला, प्रथम उस्मानाबाद जिल्ह्यात राहिला आणि १९८२मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. राजकीय सीमा अशा बदलत गेल्या, तरी खेळांच्या सीमा त्यांच्याबरोबर सरकल्या नाहीत. महाराष्ट्र-गोव्यात ज्याला गोफ म्हणतात, त्याच जातीचा खेळ कर्नाटकात ‘जडे कोलाट’ आणि तेलुगू प्रदेशात ‘जड कोलाटम’ या नावाने ओळखला जातो. ‘जडे’ वा ‘जड’ म्हणजे वेणी आणि ‘कोल’ म्हणजे काठी. एका हातात टिपरी आणि दुसऱ्या हातात वरून टांगलेली दोरी घेऊन हा खेळ खेळतात. गुजरातेत तोच ‘गोफ गुंथण’ होतो. मराठी नाव दोरीच्या विणीवर थांबले, दक्षिणेकडील नावांनी टिपरीलाही जागा दिली, एवढाच काय तो फरक.

या प्रदेशाला नृत्यविषयक ग्रंथांचीही जुनी परंपरा आहे. उदगीरच्या दक्षिणेस असलेल्या कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात नृत्याला स्वतंत्र स्थान दिले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याचा सातवा अध्याय नर्तनाचा आहे. त्याच शतकाच्या मध्यास वरंगळच्या काकतीय दरबारातील जाय सेनापतीने ‘नृत्तरत्नावली’त देशी नृत्यांचा विस्ताराने परामर्श घेतला आणि दंडरासक, म्हणजे टिपऱ्यांचे समूहनृत्य, त्यात अंतर्भूत केले. त्याहून कितीतरी प्राचीन अशा नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात पिंडी, शृंखलिका, लताबंध आणि भेद्यक असे समूहरचनेचे चार प्रकार सांगितले आहेत. साखळी आणि वेलीची गुंतण ही रूपके तेव्हापासूनच शास्त्रकारांच्या हाताशी होती, असे त्यावरून दिसते.

तथापि या ग्रंथांचा रोख आकृती ओळखण्याकडे आणि तिला नाव देण्याकडे आहे. ‘लताबंध’ हे नाव कळल्याने लताबंध नाचता येत नाही. नर्तकाला वेलीत शिरायचे कसे आणि त्यातून निघायचे कसे, हे ज्ञान ग्रंथाबाहेर, नाचणाऱ्यांच्या अंगातच राहिले. त्यामुळे आजच्या गोफाचा धागा थेट लताबंधाशी जोडण्याचा मोह टाळलेला बरा; नावातील साम्य हा परंपरेचा पुरावा होत नाही.

गोफाची वीण

गोव्यात शिगमोत्सवाच्या दिवसांत, विशेषतः काणकोण भागात, गोफ मांडावर खेळला जातो. मांड म्हणजे गावाने खेळांसाठी पवित्र मानलेली जागा. मध्यभागी उंचावरून रंगीत दोऱ्या लोंबत सोडलेल्या असतात आणि प्रत्येक गडी एकेक दोरी धरतो. पहिल्या भागात नाचता नाचता दोऱ्यांची वेणी तयार होते. दुसऱ्या भागात त्याच चाली उलट दिशेने करून ती वेणी पूर्ण सोडविली जाते. विणीचे प्रकार अनेक असले तरी अध्यापनाचा पेच समजण्यासाठी सर्वांत साधी वीण पुरेशी आहे.

आठ गडी वर्तुळात उभे आहेत असे मानावे. एकाआड एक असे चार गडी एका दिशेने आणि उरलेले चार विरुद्ध दिशेने निघतात. समोरून येणाऱ्या पहिल्या गड्याला आतून ओलांडायचे, दुसऱ्याला बाहेरून, तिसऱ्याला पुन्हा आतून, असा क्रम चालतो. आतून जाणारा वाकतो, बाहेरून जाणारा आपली दोरी उंच धरतो. सारख्या गतीने चालल्यास एका पूर्ण फेरीत प्रत्येक गडी विरुद्ध गटातील चौघांना दोन दोन वेळा भेटतो, म्हणजे त्याच्या एकूण आठ भेटी होतात. येथे एक गोष्ट शिकविणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. विरुद्ध गटात चार गडी, म्हणजे सम संख्या असल्याने, ज्याला एकदा आतून ओलांडले त्याला पुढच्या प्रत्येक भेटीतही आतूनच ओलांडावे लागते. त्यामुळे क्रम मोजण्याऐवजी माणूस लक्षात ठेवला तरी भागते. बारा गड्यांच्या गोफातही हीच सोय आहे. सहा किंवा दहा गडी घेतले, तर विरुद्ध गटातील संख्या विषम होते. मग तोच गडी एका भेटीत आतून आणि पुढच्या भेटीत बाहेरून जातो आणि चेहऱ्यावर विसंबणारा हमखास फसतो. वीण सहा गड्यांचीही होते, परंतु नवशिक्यांना ती द्यावी की नाही, हा शिक्षकाच्या विवेकाचा प्रश्न आहे.

खरा पेच वळणावर येतो. विणताना शेवटची भेट बाहेरून झाली असेल, तर मागे वळल्यावर पहिली भेट त्याच गड्याशी आणि बाहेरूनच व्हावी लागते. नवशिक्याचे मन येथे दगा देते, कारण आतून-बाहेरून अशा आलटून पालटून पडणाऱ्या पावलांची त्याला सवय झालेली असते आणि आता आतून जायची पाळी आहे, असे त्याला वाटते. भरीस भर म्हणजे खांदा बदलतो. घड्याळाच्या दिशेने जाताना बाहेरून ओलांडलेला गडी उजव्या खांद्याकडून गेलेला असतो; परतताना तोच गडी, तशाच बाहेरच्या वाटेने, डाव्या खांद्याकडून जातो. म्हणजे डोक्यातील क्रम एका ठिकाणी थांबवायचा आणि अंगाची बाजू मात्र उलटवायची. तोंडी सूचनेने ही गोष्ट समजावणे किती अवघड आहे, हे वरील वाक्य दोनदा वाचावे लागते यावरूनच ध्यानात येईल.

मांडावर हे शिकविण्याचे काम दोन गोष्टी करतात. एक म्हणजे समोरून येणारा जाणता गडी. गोफात शेजारचे गडी विरुद्ध दिशांनी जात असल्याने नवख्यासमोर एकामागून एक माणसे येत राहतात. त्यांतील जाणते आपल्या देहाच्या कलण्याने त्याला आतली वा बाहेरची वाट मोकळी करून देतात. दुसरी गोष्ट म्हणजे दोरी. विणताना झालेली चूक वेणीच्या रंगक्रमात उमटते. उलगडताना झालेली चूक तर पुढची हालचालच रोखून धरते. दोरी चूक झाली तेथेच थांबविते आणि दोष कोणत्या दोन गड्यांमध्ये आहे, हेही दाखविते.

तारका आणि तिचे शिक्षण

दोन जोड्यांतील चौघे जण उजवे हात मध्यभागी आणून घड्याळाच्या दिशेने आठ पावलांत एक फेरी पूर्ण करतात, ही उजव्या हाताची तारका. नंतर हात सोडून, वळून, डावे हात मध्ये घालून उलट फेरी करतात आणि पूर्वस्थळी येतात. इंग्लिश पद्धतीत समोरासमोरचे, म्हणजे कर्णरेषेवरचे नर्तक एकमेकांचे हात धरतात. कॉन्ट्रामध्ये पुढच्या नर्तकाचे मनगट धरण्याची रीत अधिक रूढ आहे. आकृती वरवर सोपी आहे. मराठवाड्यातील मुलींना नागपंचमीचा फेर आणि चौघींची फुगडी ठाऊक असते, त्यांना तर ती पोरखेळ वाटेल. फुगडीत मात्र अंगाचा ताण सर्व काही सांभाळतो. हात सुटला तर चौघीही कोलमडतात, म्हणून तो सुटत नाही. तारकेत असा ताण जवळजवळ नसतो. हात हलके जोडलेले असतात आणि चुकीच्या हाती चुकीचा हात गेला तरी आकृती फिरत राहते.

तारकेतील अवघड जागा दोन आहेत. पहिली वळणाची. उजव्या हाताच्या तारकेत पुढे असलेला नर्तक वळल्यानंतर मागे येतो आणि मागचा पुढे येतो. ‘पुढच्याच्या मागे चला’ एवढीच सूचना मिळालेला नवशिका येथे भांबावतो, कारण पुढचा हा माणूसच बदललेला असतो. वळायचे तेही मध्यबिंदूकडे, म्हणजे उजवीकडे. बाहेरून वळणारा एक पाऊल मागे राहतो आणि चौघांचा ताल मोडतो. दुसरी अवघड जागा एका तारकेतून दुसरीत जाण्याची. लांब ओळींच्या नृत्यात डाव्या हाताची तारका सोडून ओळीतील पुढच्या जोडीबरोबर लगेच उजव्या हाताची नवी तारका करावी लागते. ज्यांच्याशी हात जोडायचे ते त्या क्षणी दुसऱ्याच चौघांत गुंतलेले असतात. अर्धे पाऊल उशीर झाला तर जुनी तारका सुटत नाही आणि नवी जुळत नाही. म्हणून कुशल शिक्षक हातांपेक्षा नजर आधी शिकवितात: शेवटच्या दोन पावलांत मान वर करून पुढच्या जोडीकडे पाहणे. संगीत सुरू होण्यापूर्वी सर्वांना नुसते चालवून आकृती दाखविण्याची पद्धत तेथे सर्वमान्य आहे. पुढे ‘कॉलर’, म्हणजे आकृतीची नावे पुकारणारा सूत्रधार, प्रत्येक आकृतीच्या किंचित आधी तिचे नाव उच्चारतो आणि सर्वांना ओळखीचे झाले की गप्प होतो.

या नृत्यांची लिखित परंपरा १६५१मध्ये जॉन प्लेफर्ड याने लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ या पुस्तकापासून सुरू होते. त्याच्या पहिल्या आवृत्तीत १०५ नृत्ये होती. चाल स्वरलिपीत दिलेली, खाली आकृतींची त्रोटक टिपणे आणि पुरुषासाठी चंद्रकोर तर स्त्रीसाठी वर्तुळ अशी चिन्हे, असे त्याचे स्वरूप होते. हे पुस्तक मुळात नाचता येणाऱ्यांच्या स्मरणासाठी होते. हात कसे धरावेत, कोणीकडे वळावे, हे त्यात सांगितलेले नाही, कारण वाचकाला ते ठाऊकच असे. पुढे एकोणिसाव्या शतकात क्वाड्रिल आणि वॉल्ट्झ यांनी ही नृत्ये शहरी समाजातून मागे सारली. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल शार्प (१८५९–१९२४) यांनी त्यांचे पुनरुज्जीवन हाती घेतले, तेव्हा नाचणारे गेले होते आणि टिपणे उरली होती. १९११मध्ये शार्प यांच्या पुढाकाराने इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन झाली. प्लेफर्डच्या टिपणांतील मोकळ्या जागा शार्प यांनी स्वतःच्या तर्काने भरल्या आणि त्यांतील काही तर्कांवर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या. ग्रंथाने आकृती वाचविली खरी; वळण वाचविले नाही.

याच कंट्री डान्सचे फ्रान्समध्ये ‘काँत्रदांस’ झाले आणि ते युरोपभर पसरले. गोव्यातील ख्रिस्ती समाजात एकोणिसाव्या शतकात आकारास आलेल्या मांडो नृत्यात समोरासमोर उभ्या राहणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या ओळी दिसतात, त्यांत या युरोपीय घराण्याचा अंश अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. म्हणजे साष्टीतील विवाहघरी मांडो आणि काणकोणच्या मांडावर गोफ, असे दोन स्वतंत्र कुळांतील नृत्यप्रकार एकाच छोट्या प्रदेशात नांदत होते.

कवायतीच्या तासातील लोकनृत्य

लोकनृत्य शाळेत आले ते शारीरिक शिक्षणाच्या दाराने. इंग्लंडच्या शिक्षण मंडळाने १९०९च्या व्यायाम-अभ्यासक्रमात लोकनृत्यांना स्थान दिले. त्याआधी १८८१मध्ये जॉन रस्किन यांच्या प्रेरणेने लंडनच्या व्हाइटलँड्स या अध्यापिका महाविद्यालयात मे महिन्याचा उत्सव सुरू झाला आणि खांबाला बांधलेल्या रंगीत फितींची वीण शाळाशाळांत पसरण्यास अशा शिक्षिकांचा हातभार लागला. फिती विणण्याचा हा इंग्लिश प्रकार प्राचीन ग्रामपरंपरा म्हणून मिरविला जातो. प्रत्यक्षात तो बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील रंगमंचाची आणि शाळेची निर्मिती आहे. गोफाशी असलेले त्याचे साम्य पाहून कोणी कोणाचे अनुकरण केले, असा वाद घालण्यात अर्थ नाही.

भारतात मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२०मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण विद्यालय सुरू केले आणि मुंबई प्रांतात १९३८मध्ये कांदिवली येथे शासकीय प्रशिक्षण संस्था निघाली. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्रा. माणिकराव यांनी सांघिक व्यायामाला देशी आज्ञा दिल्या आणि लेझमीला शिस्तबद्ध रूप दिले. लेझमीच्या प्रकारांतील ‘चार आवाज’, ‘आठ आवाज’ ही नावे अध्यापनाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. येथे मोजणी शिक्षकाच्या तोंडी नसून हातातील साधनातच आहे. १९५६च्या राष्ट्रीय शारीरिक शिक्षण व मनोरंजन योजनेनंतर लोकनृत्ये व लयबद्ध व्यायाम अभ्यासक्रमाचा रीतसर भाग झाले.

या संक्रमणात लाभ उघड आहे. जे एका गावाच्या वा एका समाजाच्या मांडापुरते होते, ते सर्व जातींच्या मुलामुलींना खुले झाले. मोलही मोजावे लागले. कवायतीत आज्ञा बाहेरून येते, सर्वांचे तोंड शिक्षकाकडे असते आणि सर्वांनी एकाच वेळी एकच हालचाल करायची असते. गोफात अर्धे गडी आत असतात तेव्हा अर्धे बाहेर असतात; सर्वांना लागू पडेल अशी एक आज्ञा देताच येत नाही. मंचावरची स्थिती आणखी वेगळी आहे. विद्यापीठीय युवक महोत्सवात वेळेची मर्यादा काटेकोर असते, प्रेक्षक एका बाजूलाच असतात आणि टाळी पडते ती वेणी पुरी झाल्यावर. अशा वेळी उलगडण्याचा भाग गाळून दुसरा नेत्रदीपक प्रसंग घालण्याचा मोह दिग्दर्शकाला होणे स्वाभाविक आहे. तो एकदा गळला, की पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना गोफ म्हणजे विणणे एवढेच ठाऊक राहते आणि ज्या अर्ध्या भागात खरे कौशल्य होते तो तीन-चार तुकड्यांत विस्मृतीत जातो. प्लेफर्डच्या नृत्यांचे जे दोन शतकांत झाले, ते येथे एका पदवी अभ्यासक्रमाच्या अवधीत होऊ शकते.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालये दरवर्षी समूहनृत्याचे संघ तयार करतात. त्यांच्यासाठी तारकेचा उपयोग पूर्वतयारी म्हणून करता येण्यासारखा आहे. प्रथम चौघांना दोरीविना उजव्या हाताची आणि डाव्या हाताची तारका द्यावी. वळताच पुढचा मागे होतो, हा अनुभव पायांना येऊ द्यावा. नंतर आठ जणांना वर्तुळात उभे करून दोरीविना आतून-बाहेरून चालवावे आणि केवळ चार भेटींनंतर मागे फिरवावे. चार भेटींतील चूक शोधता येते, चाळीस भेटींतील येत नाही. दोरी हाती आल्यानंतर मात्र शिक्षकाने बोलणे कमी करावे. गाठ पडली तर ती आपल्या हाताने सोडवून देण्याची घाई न करता, ज्या दोघांत ती पडली त्यांनाच मागची भेट आठवायला लावणे अधिक हिताचे. यात वेळ जातो, आणि महोत्सव तोंडावर आलेला असताना तो काढणे कठीण असते, हे मान्य करावेच लागेल.

नोंदीच्या बाबतीतही काही करता येईल. चित्रफितीत वेणी दिसते, गड्यांची वाट दिसत नाही; आणि अनेकदा चित्रण बाजूने केलेले असल्याने आत कोण आणि बाहेर कोण, हे कळत नाही. गोफ, जडे कोलाट वा जड कोलाटम यांची नोंद करणाऱ्याने चित्रीकरणाबरोबर चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात: गड्यांची संख्या, कोणता गट कोणत्या दिशेने निघाला, पहिली भेट आतून झाली की बाहेरून, आणि मागे वळल्यानंतरची पहिली भेट कोणाशी व कोणत्या बाजूने झाली.